जुनी जिप्सी घरी दुरुस्त करताना: कामांचा क्रम, हत्यारे आणि टाळायचे खड्डे

मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस भारतात आली आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. आज हातात येणारी जिप्सी त्यामुळे जुनीच असते, आणि अनेकदा वीस-पंचवीस वर्षांची असते. सुदैवाने तिची रचना साधी आहे. शिडीसारखी चॅसिस, पुढे-मागे अखंड अॅक्सल, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग) आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणारी पेटी) एवढा मामला कळला, की बरीचशी कामे अंगणात करता येतात. मात्र नवखा मालक बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. गाडी घरी येताच तो दिवे, बंपर, मोठे टायर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) यांच्या मागे लागतो, आणि खाली किंगपिन (पुढचे चाक ज्यांवर वळते त्या खिळी) ढिले, पाट्यांचे बुश (जोडातले रबर) संपलेले व अर्थची तार (विजेचा परतीचा मार्ग) कुजलेली तशीच राहते. हा लेख अशा मालकांसाठी आहे: आधी गाडी मूळ स्थितीत नीट करावी, मगच तिच्यावर काही चढवावे.

१. कागदपत्रे आणि चॅसिस नंबर

पाना हातात घेण्यापूर्वी पुढील कागद एका ठिकाणी जमवा.

- नोंदणी प्रमाणपत्र (आरसी), चालू विमा आणि पीयूसी
- नोंदणी १५ वर्षांच्या पुढची असल्यास नूतनीकरणाची आणि पर्यावरण कर भरल्याची नोंद
- लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी असल्यास लिलावाची व नागरी नोंदणीची मूळ कागदपत्रे
- आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल

चॅसिसवर कोरलेला नंबर तारेच्या ब्रशने हलकेच साफ करून आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी तपासून नूतनीकरण होते, तेव्हा हा नंबर वाचता आलाच पाहिजे. गंज काढण्याच्या भरात त्यावर ग्राइंडर फिरवणारे लोक आहेत, आणि त्या एका चुकीने चांगली गाडी कागदोपत्री संशयास्पद ठरते. नंबरच्या जागी फक्त पातळ पारदर्शक रंग किंवा ग्रीस लावावे.

मॅन्युअलबद्दल एक खुलासा करतो. जुनी ९७० सीसीची गाडी, १९९६ नंतरची १३०० सीसीची जिप्सी किंग आणि २००० नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी) गाडी यांचे अनेक भाग वेगळे आहेत. दुकानात नुसते ‘जिप्सीचे द्या’ म्हटल्यास चुकीचा भाग हातात पडण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे उत्पादनाचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि शक्य असल्यास जुना काढलेला भाग सोबत न्यावा. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे भाग मिळतात. दिल्लीच्या मायापुरीतून जुने भाग मागवणारेही पुष्कळ आहेत. बेअरिंग, ऑइल सील आणि ब्रेकचे भाग मात्र जुने कधीही घेऊ नयेत.

२. हत्यारे

सुरुवातीला पुढील संच पुरतो: ८ ते २४ एमएमचे रिंग व फिक्स पाने, सॉकेट संच, टॉर्क रेंच, दोन टनांचा हायड्रॉलिक जॅक, चार जॅक स्टँड, चाकांमागे लावायला लाकडी ठोकळे, ग्रीस गन, तारेचा ब्रश, गंज सैल करणारा स्प्रे, तेल भरण्यासाठी पंप, मल्टिमीटर आणि थिंबल (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबण्याची पक्कड. यात काटकसर करायचीच असेल तर सॉकेट संचात करा, जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच यांत करू नका. जिथे स्वस्तातला पाना बोल्टचे कोपरे गोल करतो, तिथे पाच मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते, म्हणून नेहमीच्या मापांचे (१०, १२, १४, १७, १९) रिंग पाने तरी चांगल्या दर्जाचे असावेत.

३. गाडी उचलणे

काम सपाट आणि टणक फरशीवरच करावे. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी उचलल्यावर अॅक्सलच्या नळीखाली किंवा चॅसिसखाली स्टँड लावल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग खाली नेऊ नये. ‘गाडी गिअरमध्ये आहे’ हा दिलासा फसवा आहे. मागचे एक चाक जमिनीवरून सुटले, की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीमुळे) ते चाक मोकळे फिरू शकते आणि गाडी पुढे-मागे सरकते. हँडब्रेकवरही, विशेषतः जुन्या गाडीच्या, एकट्यावर विसंबू नये.

४. गंजाची तपासणी

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळे काढलेल्या गाडीत इंजिनापेक्षा पत्रा आणि चॅसिस आधी दगा देतात. मागच्या शॅकलच्या (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या दुव्याच्या) जागा, मागचा आडवा बार, बॉडी जिथे चॅसिसवर बसते ते रबरी माउंट, पुढच्या चाकामागचा पत्रा, पायाखालची फरशी आणि विंडशील्डच्या चौकटीचा खालचा काठ या जागा एकेक करून पाहाव्यात. रंग पाहून निर्णय घेऊ नका. नव्याने मारलेला काळा जाड थर हा अनेकदा गंज झाकण्यासाठीच असतो. छोट्या हातोडीने ठोकत जावे: चांगले लोखंड खणखणीत वाजते आणि कुजलेले दबक्या आवाजात उत्तर देते.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने उतरवून, गंजरोधक लावून, एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग असा क्रम घरी जमतो. चॅसिसला भेग असेल किंवा पाट्याचा ब्रॅकेट सुटला असेल, तर ते काम अनुभवी वेल्डरकडेच द्यावे. त्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात, एमपीएफआय गाडीच्या ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) कनेक्टर सोडावा आणि मागच्या भागात वेल्डिंग असल्यास पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवावी. चॅसिसच्या पोकळीत साचलेला चिखल दाबाच्या पाण्याने धुऊन, दोन-चार दिवस उन्हात सुकवून मगच आत मेणासारखा गंजरोधक फवारावा. ओलसर पोकळी बंद केली तर गंज आतून दुप्पट जोमाने वाढतो.

५. तेले: इंजिनाखेरीज चार पेट्या

इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल या चार पेट्या मात्र विसरल्या जातात. जिप्सी किंगसाठी अनुक्रमे सुमारे १.३, ०.८, २ आणि १.५ लिटर तेल लागते, एवढे धरून खरेदी करावी. पातळीच्या भोकातून तेल ओघळू लागले की थांबावे, हेच अंतिम माप.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना अशी: आधी भरण्याचा प्लग उघडतो का ते पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा. जुन्या गाडीत वरचा प्लग गंजून जाम झालेला असतो, आणि सगळे तेल बाहेर गेल्यावर ते लक्षात आले तर गाडी टो करून न्यावी लागते. प्लग जाम असल्यास आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी थोडे चालवून, पेटी कोमट असताना प्रयत्न करावा.

बाहेर आलेल्या तेलाकडे नीट पाहावे. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी गेले आहे. ओढा ओलांडताना गरम अॅक्सल एकदम थंड होतो, आत निर्वात पोकळी निर्माण होते आणि ब्रीदर (पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणारे तोंड) बुजलेला किंवा फुटलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. अशा गाडीत नुसते तेल बदलून उपयोग नाही, ब्रीदरही साफ करावा आणि त्याला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यावी. खर्च अगदी थोडा, आणि पाण्यातून जाणाऱ्या गाडीला याहून उपयुक्त ऍक्सेसरी नाही, असे माझे मत आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी बारीक भुकटी असणे स्वाभाविक आहे, पण दाताचे तुकडे दिसले तर पेटी उघडावीच लागेल.

तेलाचा दर्जाही मॅन्युअलप्रमाणेच असावा. डिफरन्शियलसाठी असलेले जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये. त्यातील काही रसायने सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत.

६. पुढचा अॅक्सल आणि थरथरणारे स्टिअरिंग

जुन्या जिप्सीची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोरजोरात थरथरणे. बहुतेक ठिकाणी यावर नवा स्टिअरिंग डँपर (थरथर शोषणारा दांडा) बसवून दिला जातो. थरथर काही दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते, कारण डँपर फक्त दोष झाकतो. तपासणीचा योग्य क्रम असा आहे.

टायरमधील हवा आणि बॅलन्सिंग आधी पाहावे. नंतर पुढचे चाक उचलून, वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवावे. ढिलाई जाणवली तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, तशीच राहिली तर किंगपिनमध्ये. यानंतर चाके जमिनीवर ठेवून मदतनीसाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे फिरवावे आणि आपण टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांवर हात ठेवून कुठे झटका उशिरा पोहोचतो ते पाहावे. स्टिअरिंग बॉक्सच्या वरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळण्याचा मोह सर्वांत शेवटपर्यंत टाळावा. तो जास्त आवळला तर स्टिअरिंग वळणावरून आपोआप परतत नाही आणि बॉक्सही झिजतो.

किंगपिनचे काम काढण्यापूर्वी नकलच्या (पुढचे चाक धरून वळणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूला, जिथे अॅक्सलचे गोल लोखंडी घर बाहेर दिसते, तिथल्या सीलवर बोट फिरवा. बोटाला घट्ट काळे ग्रीस लागले तर ठीक आहे. पातळ, गंधकासारखा उग्र वास येणारे तेल लागले तर अॅक्सलच्या आतले ऑइल सील गेले आहे, डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढत आहे आणि उद्या तेच तेल ब्रेकवर उतरेल. अशा वेळी बाहेरचे फेल्ट आणि रबराचे सील बदलून भागत नाही, शाफ्ट काढून आतले सीलही बदलावे लागते. दोन्ही बाजू एकत्रच उघडाव्यात, कारण श्रम तेवढेच आहेत आणि भाग महाग नाहीत.

नकल उघडताना किंगपिनखालचे शिम वर-खाली आणि डावे-उजवे असे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यावर नावे लिहावीत. हे पातळ पत्रे अदलाबदल झाले तर बेअरिंगवरचा ताण बदलतो. बसवल्यावर नकल फिरवायला लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजून मॅन्युअलमधील आकड्याशी जुळवावा. हे काम पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार मेकॅनिक असावा.

७. पाटे, बुश आणि प्रोपेलर शाफ्ट

पाट्यांचे रबरी बुश बदलताना एक चूक हमखास होते: गाडी स्टँडवर लटकलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकरच फाटते. बोल्ट आधी हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीन वेळा दाबावी आणि नंतर टॉर्क रेंचने आवळावेत. यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला बांधणारे) एकदा काढले की नवेच घालावेत, कारण ताणलेला जुना बोल्ट पुन्हा नीट धरत नाही.

ट्रान्सफर केस वेगळा असल्यामुळे जिप्सीत तीन प्रोपेलर शाफ्ट (ताकद अॅक्सलकडे नेणारे दांडे) असतात. काढण्यापूर्वी प्रत्येक फ्लँजवर आणि शाफ्टच्या सरकत्या जोडावर रंगाने खुणा कराव्यात. जोड एका दाताने जरी चुकीचा बसला तरी दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे फिरते सांधे) एकमेकांशी जुळत नाहीत आणि गाडी वेगात गुरगुरते. क्रॉस बदलूनही कंप राहिला तर ट्रान्सफर केसचे रबरी माउंट तपासावेत. ते खचलेले असतात आणि सहसा कोणी पाहत नाही.

८. ब्रेक

पॅड, शू आणि ब्रेक ऑइल बदलणे घरी जमते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून बाटली उघडून ठेवलेली वापरू नये. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी आणि मधल्या काळात टाकी रिकामी होऊ देऊ नये. रबरी होज पाइप वाकवून पाहावेत. बारीक भेगा दिसल्या तर सगळेच बदलावेत. मास्टर सिलिंडर किंवा लोखंडी नळ्यांचे काम केल्यास रस्त्यावर आणण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

९. पेट्रोलच्या नळ्या

आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मऊ करते किंवा तडकवते. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्यात. एमपीएफआय गाडीला दाब सहन करणारीच नळी लागते, कार्बोरेटरची साधी नळी तिथे चालत नाही. नळी सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडून, इंजिन थंड झाल्यावरच नळीला हात लावावा.

१०. वायरिंग: आधी अर्थ, मग दिवे

जुन्या जिप्सीचे हेडलाइट मंद असतील तर नवे बल्ब आणण्यापूर्वी मल्टिमीटर घ्यावा. इंजिन बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. नंतर दिवे लावून बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर लावावा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थचा मार्ग खराब आहे. तारेचे टोक सोलून पाहा: आतले तांबे लखलखीत असावे. हिरवट भुकटी झालेली असेल तर चांगले तांबे लागेपर्यंत तार कापावी आणि नवे थिंबल दाबून बसवावे. इंजिन ते चॅसिस आणि चॅसिस ते बॉडी या जाड अर्थपट्ट्या नव्या घालून, त्यांच्याखालचा रंग खरवडला, की अनेक ‘गूढ’ दोष तिथेच संपतात.

जास्तीचे दिवे रिलेशिवाय (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचशिवाय) कधीही जोडू नयेत. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात, आणि एवढा प्रवाह जुन्या स्विचमधून नेला तर स्विच वितळतो. जोडणी अशी करावी: बॅटरीच्या धन टोकाजवळच, वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस एमएमची तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून दिव्यांना, ८६ ला स्विचवरून येणारी तार आणि ८५ ला अर्थ. फ्यूज दिव्याजवळ लावण्याचा काही उपयोग नाही. तार मधेच घासून चॅसिसला टेकली तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा भाग जळतो, आणि जुन्या गाड्यांना आग लागण्याचे हे एक ठळक कारण आहे. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रॉमेट (तार घासू न देणारी कडी) हवेच.

११. ऍक्सेसरी: काय बसवावे, काय टाळावे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. बुल बार व क्रॅश गार्ड यांच्यावर कारवाई करण्याचे पत्र केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पाठवले आहे. त्यामुळे लोखंडी बुल बार, रंगबदल, सॉफ्ट टॉपची हार्ड टॉप, वेगळे इंजिन यांचा विचार करण्यापूर्वी आपल्या आरटीओत लेखी विचारणा करावी. विमा कंपनीलाही बसवलेल्या वस्तू कळवाव्यात, नाहीतर अपघातानंतरच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येतो.

लांब शॅकल लावून गाडी उंच करणे हा स्वस्त आणि वाईट उपाय आहे. त्याने पुढच्या अॅक्सलचा कोन बिघडतो आणि सहाव्या टप्प्यात दुरुस्त केलेली थरथर परत येते. किंगच्या मूळ २०५/७० आर१५ टायरपेक्षा बराच मोठा टायर घातला तर स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, ब्रेकवर भार येतो आणि वळताना टायर पाट्याला घासतो. मूळ मापातच चांगल्या नक्षीचा टायर निवडावा.

त्याऐवजी पुढे-मागे चॅसिसला धरलेले मजबूत टो हुक, उंचावलेले ब्रीदर, इंजिनाखालचे संरक्षक पत्रे, अग्निशामक आणि चांगल्या सीट बेल्टची जोडी यांवर पैसे खर्च करावेत. टो हुक फक्त पत्र्याच्या बंपरला कधीही लावू नये. ताणाखाली तो उपटून आला तर गोळीसारखा उडतो. मागचा-पुढचा बंपर काढायचा असेल तर एक व्यावहारिक अडचण आधीच लक्षात घ्यावी: उच्च सुरक्षा नंबर प्लेटचे लॉक तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून बंपरचे काम प्लेट बसवण्याआधी उरकावे.

१२. पहिली फेरी

गाडी जोडून झाल्यावर पहिली फेरी मोकळ्या मैदानात, कमी वेगात घ्यावी. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग फोर व्हील ड्राइव्ह असा क्रम ठेवावा. जिप्सीत मधला डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळू नये. चाके वेगवेगळे अंतर कापतात, शाफ्ट पिळले जातात आणि लिव्हर अडकतो. माती किंवा वाळू असेल तिथेच ती तपासणी करावी, आणि फ्री व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून सोडता-जोडता येणारे हब) असलेल्या गाडीत दोन्ही हब लॉक केले आहेत याची खात्री उतरून, हाताने करावी.

घरी परतल्यावर चारही हबना हात लावून पाहावा. एकच हब इतरांपेक्षा खूप गरम असेल तर तिथले बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक अडकतो आहे. साधारण १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट, यू-बोल्ट, शॅकल आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, आणि प्रत्येक तपासलेल्या बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी गाडीखाली डोकावताच कोणता बोल्ट सरकला आहे ते दिसते.